मोहाखालचा अभ्यास

सरांनी मला वाचायला चार पुस्तकं दिली होती आणि चारही मी खराब करून परत केली. एकावर मामींच्या हातच्या वरणाचा डाग पडला, एकाची शिवण सुटली आणि उरलेल्या दोन्हींना मोहफुलांचा असा काही वास लागला, की परत देताना कॉलेजच्या ग्रंथपालांनी नाकाला धोतराचा सोगा लावून विचारलं, "बाई, ही पुस्तकं वाचलीत की भट्टीवर चढवलीत?" मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांबलचक होतं आणि खिडकीपाशी उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. आज सांगायला बसले आहे. त्या वाचनात ज्यांनी मला हात दिला त्यांतलं आता कोणी उरलेलं नाही आणि त्यांचे आभार मानायचे राहून गेले आहेत, हे मनाला लागून राहिलं आहे.

आपला भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. मी नागपूरला अर्थशास्त्रात एम.ए. होऊन वरोऱ्याला घरी आले होते. वडील स्टेशनावर मालबाबू होते. आलेला माल उतरवून घ्यायचा, ज्याचा त्याला पोचता करायचा, हेच त्यांचं आयुष्य. मला नागपूरच्या सरांच्या हाताखाली आणखी एक वर्ष काढून शोधनिबंध लिहायचा होता. घरात मात्र चिमूरच्या एका स्थळाची बोलणी चालू होती. मंडळी चांगली होती, मुलगाही चांगला असावा. माझं म्हणणं एवढंच होतं की माझं अजून झालेलं नाही.

आठवडाभर घरात अबोला चालला. शेवटी वडील जेवता जेवता म्हणाले, "हे पाय. कॉलेज उन्हाळ्यासाठी बंद व्हायच्या आत तुह्या सरांनी आराखड्यावर सही केली, तर एक वर्ष तुह्यं. नाई केली, तर अक्षय तृतीयेले मी चिमूरले होकार कळवतो. मंग रडाचं नाई." मी लगेच कबूल झाले. इतकं सोपं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

सर मात्र सोपे नव्हते. मी नागपूरला जाऊन भेटले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावावर चार पुस्तकं काढून दिली आणि एक जाड वही घ्यायला सांगितली. डाव्या पानावर लेखक काय म्हणतो ते लिहायचं, उजव्या पानावर आपल्याला काय वाटतं ते. आणि शेवटी आराखडा हातात घेऊन समोर बसायचं. "पोस्टानं आलेला आराखडा मी वाचत नाही," ते म्हणाले. "तुम्ही वाचा, मी ऐकतो. कुठे अडखळता ते मला ऐकायचं असतं." विषय मी आधीच ठरवून टाकला होता: जंगलगावांतली मालकी. जमिनीची, पाण्याची, झाडांची.

विषय जंगलगावांचा, म्हणून मी मामाजींकडे जाऊन राहिले. मामाजी गडचिरोलीच्या पलीकडे, धानोऱ्याच्याही पुढे, एका लहानशा गावात नाकेदार होते. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा अगदी खालचा माणूस, पण त्या गावापुरतं तेच सरकार. कौलारू नाका, त्याच्या मागं दोन खोल्यांचं घर, समोर बांबूचं कुंपण आणि त्यापलीकडे पंचवीसेक घरांची वस्ती. वस्तीतली माणसं आपापसात गोंडी बोलत. मामाजींना कामापुरती येई. मामींना मात्र छान येत होती, कारण दिवसभर बोलायला त्यांना दुसरं कोणी नव्हतं.

चार पुस्तकांपैकी पहिलं एका इंग्रज जंगल अधिकाऱ्याचं होतं. जाडजूड, नकाशांसह. दुसरा जमीनमहसुलाचा जुना अहवाल. तिसरं पुस्तक मालकी म्हणजे काय यावरचं, फार कठीण. ते वाचताना मला हटकून झोप येई. चौथी एका शहरी सद्गृहस्थांची मराठी पुस्तिका होती. रानातली माणसं किती निष्पाप, किती निश्चिंत, हे त्यात दर पानावर लिहिलेलं होतं. एका बाबतीत चौघांचंही एकमत होतं. या गावांत झाडांना मालक नसतो, ज्याला जे हवं ते तो घेतो. हे मी चार वेळा डाव्या पानावर उतरवून घेतलं आणि चारही वेळा उजव्या पानावर लिहिलं, 'सहमत'. उजवीकडची बाकीची पानं कोरी होती. एवढ्या मोठ्या माणसांपुढे मला वेगळं काय वाटणार होतं?

नाक्यावर दिवसभर बैलगाड्या, पास, आरडाओरडा. घरात मामींची बडबड. म्हणून वाचायला मी वस्तीच्या कडेचं एक मोहाचं झाड शोधून काढलं. मोठं, डेरेदार, खाली सावली. फक्त बुडाशी हातभर पाचोळा साचलेला. आमच्या घरचं वळण असं, की बसायच्या आधी जागा झाडून घ्यायची. आई तर पाहुण्यांकडे गेली तरी पदराच्या टोकानं सतरंजी झटकून मगच टेकायची. मी मामींचा खराटा उचलला आणि झाडाखालची सगळी जमीन लख्ख केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पानं पडली होती, पुन्हा झाडली. मग तो माझा नेमच झाला. सकाळी चहा घ्यायचा, खराटा आणि पुस्तकं घेऊन निघायचं, झाडायचं आणि बसायचं.

येणारी जाणारी माणसं थांबून पाहत. कोणी काही बोलत नसे. मला वाटे, बाईमाणूस पुस्तक वाचते याचं यांना नवल वाटत असेल, आणि मी जरा ताठ बसून पान उलटत असे. एक म्हातारी तर रोज येई. वाळकी, गोंदलेली, हातात काठी. दूर उभी राही, एकदा झाडाकडे पाही, एकदा जमिनीकडे आणि परत जाई. मला तिचं कौतुक वाटलं. एकदा मी तिला जवळ बोलावून साहेबाच्या पुस्तकातलं वाघाचं चित्र दाखवलं. तिनं ते पाहिलं, मान हलवली आणि निघून गेली. हा प्रसंग आठवला की आजही माझी मान खाली जाते.

होळी झाली आणि मोह गळायला लागला. पहाटेपासून टपटप फुलं पडत. पिवळसर, रसाळ, गोडसर दर्प असलेली. सगळी वस्ती टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेली असे. फक्त माझ्या झाडाखाली कोणी येत नसे. फुलं पडत, उन्हानं सुकत, गुरं येऊन खात, माझ्या पुस्तकांत अडकत. माझ्या वाचनात व्यत्यय नको म्हणून ही माणसं किती जपतात, असं मला वाटलं. मग माझ्यातली संशोधक जागी झाली आणि पहिल्यांदाच मी उजव्या पानावर स्वतःचं म्हणून काही लिहिलं: या एका झाडाची फुलं कोणी वेचत नाही, बहुधा देवाचं झाड, धार्मिक निषेध असावा. एवढ्यावर न थांबता आराखड्यात त्याचा स्वतंत्र परिच्छेद केला. अक्षर तर असं सुरेख काढलं होतं, की तो कागद मी स्वतःच पुन्हा पुन्हा पाहत होते.

चार दिवसांनी मामी विहिरीवरून आल्या त्या घागर न उतरवताच माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"बाई, त्या कडंच्या मोहाखाली तू झाडत होती काय?"

"हो. रोज झाडते. का?"

"कवापासून?"

"होळीच्या कितीतरी आधीपासून."

मामींनी घागर खाली ठेवली. "वस्तीतल्या बाया मले विचारून राह्यल्या, तुमच्या भाचीचं झाड वाया चाललं, ते वेचत काऊन नाई? मले आधी समजलंच नाई. बाई, इथी मोह गळायच्या आधी झाडाखालचा कचरा जो झाडते, त्याचं ते झाड त्या सालचं. दरसाल ज्यानं त्यानं आपलं झाड झाडाचं, मंग दुसरा कोणी हात लावत नाई. ते झाड बुढीचं होतं. यंदा तिले ताप होता, झाडायले उशीर झाला. ती खराटा घेऊन गेली, त पाह्यते काय, जागा साफ."

"मग ती बोलली का नाही? रोज तर येत होती."

"नाकेदाराच्या भाचीले कोण बोलन?" मामी म्हणाल्या. "आणि बोलावं काय? तू रीतीनंच त घेतलं."

म्हातारीला एकच झाड होतं. घरी ती आणि तिची आंधळी बहीण. पावसाळ्यात शेतातलं धान यायच्या आधीचे दोन-तीन महिने दोघी वाळवलेल्या मोहफुलांवर काढत. शिजवून, चिंचोक्यांबरोबर कुटून. हे सगळं मामींनी मला चुलीपाशी बसून सांगितलं, आणि ते सांगताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. रडूही आलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. सरांचा, साहेबाचा, त्या पुस्तिकेवाल्या सद्गृहस्थांचा. चार पुस्तकांपैकी एकानंही मला हे सांगितलं नव्हतं. पण ती निमूट पडून होती, खराटा काही त्यांच्या हातात नव्हता.

मी तशीच मामींना घेऊन म्हातारीच्या दारात गेले. म्हटलं, झाड तुमचं आहे, माझी चूक झाली, उद्यापासून वेचा. मामींनी ते गोंडीत सांगितलं. म्हातारीनं नकारार्थी मान हलवली. तिला समजलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा मान हलवली आणि शेजारच्या घरातून गायत्याला बोलावून आणलं. गायता म्हणजे गावाचं देवाधर्माचं आणि भांडणतंट्याचं पाहणारा वडीलधारा माणूस. त्याला मराठी येत होतं.

"असं नाई होत, बाई," तो शांतपणे म्हणाला. "ज्या हातानं झाडलं, त्याच हातानं वेचलं पायजे. शेवटच्या फुलापर्यंत. हात मधात बदलत नाई. आज तुमी दिलं म्हणून बुढी वेचन, उद्या कोणी दांडगा म्हणन, मलेबी यानं दिलं. मंग गावात झाडापायी डोस्की फुटन."

"मी वेचून त्यांना दिली तर?"

"वेचलेलं तुमचं. तुमी कोणालेबी द्या."

म्हणजे वाट होती, पण ती माझ्या हातांतून जात होती. मोह अजून तीन आठवडे तरी गळणार होता. आणि कॉलेज बंद व्हायला राहिले होते बारा दिवस. गावातून बैलगाडीनं धानोरा, तिथून बस गडचिरोलीला, मग वडसा, मग ती छोटी रेल्वे नागपूरपर्यंत. जाऊन येऊन आठवडा मोडला असता, तोही ऐन बहराचा. दोन्ही होण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी ओसरीत बसून सगळ्या बाजूंनी विचार केला आणि त्यात प्रामाणिकपणा कमी, पळवाटा जास्त होत्या. म्हातारीला मामी पायलीभर तांदूळ देतील. मामाजी काहीतरी करतील. पुढच्या वर्षी झाड तिचंच आहे. शिवाय आराखडा तयार आहे, अक्षर सुरेख आहे, सर सही करतीलही. मी आराखडा काढून पुन्हा वाचला. 'झाडांवर व्यक्तिगत मालकी आढळत नाही' या वाक्यापर्यंत आले आणि पुढे वाचवेना. सरांसमोर मी इथे अडखळले असते. आणि अडखळले नसते, तर ते जास्त वाईट झालं असतं.

संध्याकाळी मामाजींना सांगितलं, मी नागपूरला जात नाही, मोह वेचणार आहे. ते खाटेवर उठून बसले.

"डोस्कं फिरलं काय तुह्यं? नाकेदाराची भाची मोह वेचून राह्यली, हे रेंजर साहेबाच्या कानावर गेलं, त मी काय सांगू?"

"सांगा, भाचीचा अभ्यास चालू आहे."

"आणि तुह्या बापाले काय सांगू? त्यानं मुदत देली ना तुले?"

मामाजी बराच वेळ विड्या ओढत बसले. राज्य बदलल्यापासून त्यांना नवीन साहेबांची धास्ती होती. म्हणत, साहेब बदलले, फॉर्म तेच, आपण आपलं सांभाळून राहावं. त्यामुळं ते नाही म्हणतील अशीच माझी खात्री होती. सकाळी उठून पाहते, तर दारात एक टोपली ठेवलेली. नवी, बांबूची, माझ्या हाताला झेपेल अशी. मामाजी तोवर गस्तीवर निघून गेले होते. त्यांनी पुढेही त्या टोपलीचा विषय कधी काढला नाही.

पहाटे अस्वलं मोहासाठी येतात, म्हणून जरा उजाडल्यावरच निघायचं असं ठरलं. पहिल्या दिवशी मी वाकून वाकून अर्धी टोपली भरली आणि कमरेत अशी उसण भरली की मामींनी रात्री तिळाचं तेल चोळून दिलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी आली. झाडलेल्या जागेच्या बरोबर कडेला, एक वीतही आत न येता, दगडावर बसली. मी वेचत पुढे सरकले की ती काठीनं मागं दाखवी. तिथे एक फूल राहिलेलं असे. मी परत जाऊन उचले. ती काठी दुसरीकडे नेई. तिथेही असे. स्वतःच्या झाडाचं फूल स्वतःच्या हातानं उचलायची तिला मुभा नव्हती आणि माझ्यासारख्या आंधळीकडून उचलून घ्यायचं होतं. तीन-चार दिवस तिनं मला अक्षरशः काठीवर नाचवलं. मला मराठी शिकवणाऱ्या बाईंनीही माझ्या इतक्या चुका काढल्या नव्हत्या.

पण मग गप्पा सुरू झाल्या. तिला मोडकं मराठी येत होतं, मला हळूहळू चार गोंडी शब्द आले. पहिला आला तो 'इरूक', म्हणजे मोह. मी दुसऱ्या एखाद्या झाडाकडे बोट दाखवून विचारी, हे कोणाचं? ती सांगे. हे माझ्या जावेचं. ते त्या घराचं, जे एटापल्लीकडे उठून गेलं. त्यांचं झाड गायता झाडतो, आणि फुलं वाळवून पायी चालत त्यांना नेऊन देतो. ते पलीकडचं एका नव्या सुनेला सासऱ्यानं लग्नात दिलेलं, ते आता तिचं, नवऱ्याचंही नाही. त्या चिंचेजवळच्या मोहाखाली दोन भाऊ आलटून पालटून झाडतात, एका साली हा, एका साली तो. ओढ्यापलीकडच्या तीन झाडांखाली कोणीच झाडायचं नाही, ती ज्याच्या घराला मुळात झाडच नाही त्याच्यासाठी. आणि माझ्या धार्मिक निषेधाच्या झाडाला देव होता का? नव्हता. गावाचा देव दुसरीकडेच राहत होता.

वेचणं संपलं की फुलं म्हातारीच्या सारवलेल्या अंगणात पसरायची आणि दुपारी वही घेऊन बसायचं. उजवी पानं भरायला लागली. आता पुस्तकंही मला वेगळी दिसू लागली. साहेबाचं पुस्तक पुन्हा वाचताना लक्षात आलं, की त्याचे सगळे दौरे थंडीतले. मार्गशीर्ष, पौष, फार तर माघ. त्या दिवसांत कोणी झाडाखाली झाडत नाही, सगळीकडे सारखाच पाचोळा. ऊन तापायला लागलं की साहेब थंड हवेच्या ठिकाणी. बिचाऱ्याला झाडांचे मालक दिसणार कसे? मी त्याला माफ करून टाकलं. महसुलाच्या अहवालात तर झाडं होती, पण फक्त सरकारच्या हिशेबी, माणसं कुठेच नव्हती. त्या कठीण पुस्तकातलं एक प्रकरण मात्र मला पहिल्यांदा धड समजलं आणि त्या दिवशी दुपारी झोप आली नाही. पुस्तिकेवाल्या सद्गृहस्थांना मी अजून माफ केलेलं नाही. निश्चिंत म्हणे. ती म्हातारी रोज सकाळी ढीग नजरेनं मोजत होती, आणि धान येईपर्यंत पुरेल का ते तिच्या कपाळावर लिहिलेलं असे.

कॉलेज बंद व्हायच्या चार दिवस आधी नाक्याचा टपालवाला धानोऱ्याला निघाला, तेव्हा मी त्याच्याकडे सरांच्या नावचं पत्र दिलं. आराखडा नव्हे, नुसतं पत्र. काय झालं ते लिहिलं. माझ्यामुळं एका बाईचं झाड गेलं आहे, ते पोचतं केल्याशिवाय मला येता येत नाही आणि लिहिलेला आराखडा खोटा असल्यामुळं तो घेऊन येण्यात अर्थही नाही. टपालवाला ओढा उतरून दिसेनासा झाला, तेव्हा माझं वर्ष गेलं हे मला स्वच्छ कळलं. मी झाडाखाली परत आले आणि वेचता वेचता रडायला लागले. म्हातारीनं काठी खाली ठेवली. त्या दिवशी तिनं एकही चूक काढली नाही.

सरांचं उत्तर आलं नाही.

पुढे गळती कमी होत गेली. मूठभर, मग ओंजळभर, मग एक दिवस जमिनीवर सातच फुलं. दुसऱ्या दिवशी एकही नाही. गायता येऊन पाहून गेला, म्हणाला, "झालं." वाळलेल्या फुलांचा ढीग म्हातारीच्या घरात कणगीत भरला. काठोकाठ नाही, पण बहिणीनं आत हात घालून चाचपून पाहिलं आणि हसली. निघायच्या आदल्या दिवशी मी शेवटची म्हणून वही घेऊन त्या झाडाखाली गेले. पाचोळा पुन्हा पडला होता. सवयीनं मी बसायची जागा पायानं साफ करायला लागले आणि पाठीमागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"बस," म्हातारी म्हणाली. "वाच. झाडू नको."

मी पाचोळ्यातच बसले. तीही आली आणि पहिल्यांदा त्या झाडाखाली माझ्या शेजारी बसली. मी वाचत होते, ती तंबाखू मळत होती. इतकं बरं मला कुठल्याही वाचनालयात वाटलेलं नाही.

गडचिरोलीहून मूल, मूलहून चांदा, चांद्याहून रेल्वेनं वरोरा. अक्षय तृतीयेला दोन दिवस होते. आईनं दारातच नाक मुरडलं. "काय वास येते गं अंगाले? लोक काय म्हणतीन?" बोटांची टोकं काळी पडली होती, ती घासून निघेनात. वडील ड्युटीवरून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. मी त्यांना सांगितलं की आराखड्यावर सही झाली नाही. आराखडा मी दाखवलाच नाही. तुम्ही चिमूरला कळवून टाका, मी रडणार नाही. आणि मग का, ते सगळं पहिल्यापासून सांगितलं. खराटा, वाघाचं चित्र, सगळं.

वडील जेवता जेवता ऐकत होते. जेवण झालं, हात धुतला. सुपारी कातरत त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बुढीचं सारं पोचलं?"

"पोचलं. शेवटच्या फुलापर्यंत."

"आपल्या इथीबी असंच हाय," ते म्हणाले. "दुसऱ्याचा माल चुकून आपल्या धक्क्यावर उतरला, त तो पोचता केल्याबिगर घरी जाता येत नाई. मंग घरी किती का कार्य असो."

मग त्यांनी कोनाड्यातून कार्ड काढलं आणि चिमूरला लिहायला बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून लेखणीची कुरकुर ऐकत होते. लिहून झालं, तसं त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. "जा, टाकून ये."

पेटी स्टेशनाच्या भिंतीला होती. मी उघडं कार्ड तिथे उभी राहून वाचलं. 'मुलीचे काम अद्याप पुरे झालेले नाही. एक वर्ष लागेल. आपणास थांबणे जमत नसल्यास आमचा राग नाही.' मी ते पुन्हा वाचलं. माझ्याबद्दल 'काम' हा शब्द कोणी लिहिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मग कार्ड पेटीत टाकलं आणि हात आत किती लांब जातो ते पाहून घेतलं, अडकून राहिलं असेल तर म्हणून.

जुलैमध्ये सर मला समोर बसवून ऐकतील, माझं पत्र त्यांनी वहीत जपून ठेवलेलं असेल, सगळा निबंध दोनदा नव्यानं लिहायला लावतील, यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. सरांच्या सहीशिवाय मला ते वर्ष मिळालं होतं, एवढंच कळत होतं. मी घरी परतले तेव्हा वडील ओसरीत बसले होते. कंदिलाची काच पुसून वात मोठी केलेली होती आणि समोर माझ्यासाठी दुसरा पाट मांडला होता.

"टाकलं?"

"टाकलं."

"मंग वही आण," ते म्हणाले. "वाच. मी ऐकतो."